दहा-पंधरा हजारांत ट्रेकसाठी जीपीएस घ्यायचाय? आधी नकाशा बघा

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायचा कंटाळा येतो किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये गुपचूप वाचायचं असतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलतानाचे माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळलेत, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

पावसाळा जवळ आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. ‘दादा, बजेट पंधरा हजार आहे, टोपो मॅपवाला हँडहेल्ड जीपीएस कोणता घेऊ?’ मॉडेलचं नाव सांगून मोकळं होणं सोपं आहे आणि पुढे सांगणारही आहे. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो. ती माझीच फजिती आहे, त्यामुळे लाजण्यासारखं काही उरलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही तिघं तोरणा ते राजगड करत होतो. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरायचं, डोंगरधार धरून चालत राहायचं, मधला गाडीरस्ता ओलांडायचा आणि मग राजगडाची संजीवनी माची गाठायची. उन्हाळ्यात या वाटेवर चुकणं अवघड आहे, कारण राजगड समोर दिसत असतो. जुलैमध्ये दहा फुटांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. माझ्या फोनमध्ये ऑफलाइन नकाशा होता, ट्रॅक होता, सगळं होतं. पण पावसाचे थेंब स्क्रीनवर पडले की फोनला वाटतं बोटंच पडतायत. नकाशा आपोआप झूम होत होता, सरकत होता, एकदा तर कॅमेरा उघडला. पुसायला कोरडं कापड म्हणून अंगावर काही शिल्लक नव्हतं. शेवटी कंटाळून फोन खिशात टाकला आणि ‘वाट मळलेली आहे की, चला’ असं म्हणून निघालो.

वाट मळलेली होती, पण ती गुरांनी मळलेली होती.

दीड तास कारवीतून उतरल्यावर पाण्याचा आवाज यायला लागला. तिथे घोंगडी पांघरून बसलेले एक गुराखी मामा भेटले. ‘ही पाण्यावरची वाट हाय. राजगड तिकडं राह्यला,’ म्हणाले आणि हात नेमका आमच्या पाठीमागे केला. तोपर्यंत माझ्या मित्राचा घोटा मुरगळून सुजला होता आणि फोन १४ टक्क्यांवर होता. परत धारेवर चढणं त्याला शक्य नव्हतं. मामांनी त्यांच्या वाडीपर्यंत नेलं, आम्ही रात्री आठला पोचलो. त्या घोट्यामुळे मित्र सहा आठवडे घरी होता. अजूनही पावसाळ्यात तो ट्रेकला येत नाही, आणि मीही त्याला आग्रह करत नाही.

घरी आल्यावर फोनने रेकॉर्ड केलेला ट्रॅक लॅपटॉपवर उघडला. इंजिनिअर माणूस, लॉग बघितल्याशिवाय झोप कशी येणार! जिथे आम्ही धार सोडली ती जागा स्पष्ट दिसत होती. धारेवरची वाट थोडी उतरते, थोडी चढते. आम्ही मात्र तिथून सलग दोनशे मीटर उतरलो होतो, मध्ये एकदाही चढ नाही. म्हणजे नकाशाही नको, नुसता उंचीचा आकडा अर्ध्या तासाने एकदा बघितला असता तरी कळलं असतं.

म्हणून टोपो मॅप म्हणजे काय हे आधी समजून घ्या. त्यावर ज्या वेड्यावाकड्या तपकिरी रेषा असतात त्या समोच्च रेषा. एका रेषेवरची प्रत्येक जागा समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असते. रेषा दाट म्हणजे चढ तीव्र, विरळ म्हणजे पठार. इथपर्यंत सगळ्यांना शाळेत शिकवलंय. पण डोंगरात कामाला येतं ते पुढचं: रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी वळली असेल आणि त्याचं टोक चढाच्या दिशेला असेल तर ती घळ किंवा ओढा. टोक उताराच्या दिशेला असेल तर ती सोंड. आम्ही धुक्यात ज्याला मुख्य धार समजलो ती खाली जाणारी सोंड होती. आणि सोंडेवरून घसरून शेवटी घळीत गेलो. नकाशावर हे सगळं छापलेलं होतं. मला ते बघता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर बघता आलं असतं तरी तेव्हा वाचता आलं नसतं.

आता पैशांशी संबंधित मुद्दा. महागड्या डिव्हाइसमध्ये सह्याद्रीचा जास्त चांगला नकाशा असतो असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. स्वस्त डिव्हाइस, महाग डिव्हाइस आणि तुमचा फोन, तिघांमध्ये तुम्ही साधारण एकाच मुळातून आलेला नकाशा टाकणार आहात. वाटा, गावं, रस्ते येतात ओपनस्ट्रीटमॅपमधून. हा २००४ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून बनवत असलेला मोफत नकाशा. आणि समोच्च रेषा बहुतेक वेळा येतात एसआरटीएममधून. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जमिनीची उंची मोजून आलं, त्याचा हा डेटा. त्यातला बारीकात बारीक चौकोन आहे सुमारे ३० मीटरचा.

३० मीटर ऐकायला भारी वाटतं, पण आपल्या कड्यांना लावून बघा. कोकणकड्यासारखी सरळसोट भिंत या डेटात एक-दोन चौकोनांत संपते. शिवाय रडार तिरकं बघतं, त्यामुळे कड्याच्या आडोशाला डेटात भोकं पडतात आणि ती नंतर आजूबाजूच्या आकड्यांवरून भरलेली असतात. परिणाम काय? भिंत नकाशावर ‘तीव्र उतार’ दिसते. म्हणजे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारी एखादी नाळ नकाशावर बघून ‘जमेल असं वाटतंय’ म्हणालात, तर ते ‘वाटतंय’ चौकोनांच्या सरासरीतून आलेलं आहे. आणि दुसरं म्हणजे समोच्च रेषा दर २० मीटरला असतील तर मधला १५ मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होतो. नकाशावर तो नाहीच. तुमच्याकडे मात्र दोर नाही. ही मर्यादा ८,००० च्या डिव्हाइसलाही आहे आणि ८०,००० च्या डिव्हाइसलाही.

याला एक जुना, जवळपास फुकट उतारा आहे, सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट. ही संस्था १७६७ पासून आहे, मुख्यालय देहरादूनला. त्यांची १:५०,००० मापाची शीट म्हणजे कागदावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. ओपन सीरिज मॅपच्या पीडीएफ त्यांच्या पोर्टलवर नाव नोंदवून उतरवता येतात. ही शीट पायी फिरून सर्व्हे करणाऱ्या माणसांनी बनवलेली असल्यामुळे कडे वेगळ्या खुणांनी दाखवलेले असतात. छोट्या वाड्यांची नावं, देवळं, विहिरी असतात. काही वाटा आता मोडल्यात, काही गावं धरणाखाली गेलीत, हे धरून चाला. माझी पद्धत अशी: घरी बसून टोपोशीटवर कडे बघायचे आणि वाटेवर डिव्हाइसमध्ये स्वतःची जागा बघायची.

एक काळजी घ्या. नेटवर जुन्या टोपोशीटचे स्कॅन फिरत असतात. ते एव्हरेस्ट डेटमवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. डेटम म्हणजे पृथ्वीचा आकार कसा धरला आणि मोजायला कुठून सुरुवात केली याचा हिशेब. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश वाचून जसेच्या तसे डिव्हाइसमध्ये टाकले तर आपल्या भागात शंभरेक मीटरचा फरक पडतो. पठारावर चालून जाईल. धारेवर शंभर मीटर म्हणजे बाजूची दरी. नव्या ओपन सीरिज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत, त्या घ्या.

बरं, मग नकाशा सगळीकडे सारखाच असेल तर डिव्हाइससाठी पैसे कशाला मोजायचे? प्रश्न रास्त आहे, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माझं उत्तर आहे, मोजू नका.

फोनमधला जीपीएस रिसीव्हर आज वाईट नाही. उलट बऱ्याच मिडरेंज फोनमध्ये एल१ आणि एल५ असे दोन फ्रिक्वेन्सी बँड असतात, आपला नाविकही काहींमध्ये चालतो. मी ज्या बजेट डिव्हाइसबद्दल बोलणार आहे, त्यात फक्त अमेरिकेचा जीपीएस आणि रशियाचा ग्लोनास आहे. घळीत उभं असताना, दोन्ही बाजूंना कातळ आणि वर आभाळाची पट्टी, तिथे नवा फोन कदाचित जास्त अचूक जागा दाखवेल. नेटवर्क नसलं तरी फोनचा जीपीएस चालतो हेही अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. उपग्रहाचा संदेश ऐकायला टॉवर लागत नाही. फक्त पहिला फिक्स मिळायला वेळ जातो, कारण एरवी फोन उपग्रहांची ताजी माहिती इंटरनेटवरून पटकन घेतो. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश ऐकावी लागते. म्हणून पायथ्याच्या गावात, रेंज असतानाच एकदा नकाशा उघडून जागा पकडा आणि मग फोन एअरप्लेन मोडवर टाका.

ऑक्टोबर ते मे, एक दिवसाचे ट्रेक, सोबत पॉवरबँक: एवढंच करत असाल तर ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड टाका, तुमच्या भागाचा नकाशा उतरवा, समोच्च रेषा ऑन करा. पंधरा हजार वाचले, चांगले बूट घ्या.

पण तुम्ही पावसात जाता, किंवा दोन-तीन दिवसांचे रेंज ट्रेक करता, किंवा ग्रुपची जबाबदारी तुमच्यावर असते, तर मग वेगळं डिव्हाइस हवं. कारण साधं आहे. त्याला टचस्क्रीन नाही, बटणं आहेत. ओल्या, चिखलाच्या, थरथरत्या बोटांनी दाबता येतात. स्क्रीन अशी असते की जितकं ऊन जास्त तितकी स्पष्ट दिसते. पाण्यात पडलं तरी चालतं, १ मीटर खोल, अर्धा तास, असं त्याचं रेटिंग. आणि ते पेन्सिल सेलवर चालतं! हे शेवटचं मला सगळ्यात जास्त आवडतं. फोन मेला की मेला. पेन्सिल सेल डोंगरपायथ्याच्या टपरीवरही मिळतात. अर्थात तिथले भिंतीवरच्या घड्याळात घालायचे साधे सेल लवकर संपतात. रोजच्या वापराला रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडची एक जोडी आत, एक जोडी झिपलॉकमध्ये. आणि सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार तोच निवडा, नाहीतर सेल किती उरलेत याचा आकडा खोटा दिसतो.

आता मॉडेल. बजेटमध्ये बोलायचं तर फिरून फिरून गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेवरच येतो. त्यातही नावं फसवी आहेत, म्हणून नीट ऐका. ईट्रेक्स १० सगळ्यात स्वस्त, पण त्यात टोपो मॅप टाकताच येत नाही. २०२३ मध्ये आलेलं ईट्रेक्स एसई दोन सेलवर १६८ तास चालतं असं कंपनी सांगते, उपग्रहांच्या जास्त प्रणाली पकडतं, पण तेही कृष्णधवल आणि त्यातही नकाशा टाकता येत नाही. ‘नवीन आहे, स्वस्त आहे’ म्हणून हे घेऊन नंतर डोक्याला हात लावणारे लोक मी पाहिलेत. ज्यांना नुसता ट्रॅक फॉलो करायचाय त्यांना ते उत्तम आहे, पण आपला विषय टोपो मॅप आहे.

आपल्याला हवं ते ईट्रेक्स २२एक्स, किंवा त्याचा थोरला भाऊ २०एक्स सेकंडहँड. २२एक्स २०१९ मध्ये अमेरिकेत २०० डॉलरला आलं. रंगीत स्क्रीन, ८ जीबी मेमरी, मायक्रोएसडी कार्डाची जागा, दोन सेलवर २५ तास असा दावा. २०एक्समध्ये मेमरी कमी, पण स्क्रीन तीच आणि कार्ड त्यातही बसतं, त्यामुळे मेमरीचं दुःख करू नका. त्याच्याही आधीचं साधं २० मिळत असेल तर स्क्रीन बरीच भरड आहे, समोच्च रेषांची खिचडी दिसते. अगदीच स्वस्त असेल तरच. मी स्वतः २०एक्स वापरलेलं घेतलं, ९,००० ला.

३२एक्स ३०० डॉलरचं. वरच्या १०० डॉलरमध्ये दोन गोष्टी येतात: इलेक्ट्रॉनिक होकायंत्र आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक. होकायंत्र नसण्याचा अर्थ नीट कळला पाहिजे. २२एक्सवरचा बाण तुम्ही चालत असाल तरच खरी दिशा दाखवतो, कारण तो दोन जागांमधल्या फरकावरून दिशा काढतो. धुक्यात फाट्यावर थबकलात की तो बाण निरुपयोगी. आणि दिशेची गरज नेमकी थबकल्यावरच असते! उपाय: काही शे रुपयांचं साधं प्लेट कंपास गळ्यात घाला. परदेशी व्हिडिओंमध्ये चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यातल्या फरकावर वीस मिनिटं शिकवतात. महाराष्ट्रात तो फरक १ अंशाच्या आत आहे, सोडून द्या. वाचलेल्या पैशांत सेल, चार्जर आणि मेमरी कार्ड येईल.

उंचीबद्दल एक गंमत सांगतो. फोनवरची काही साधी ॲप्स अलिबागच्या किनाऱ्यावर उंची उणे साठच्या आसपास दाखवतात. लोकांना वाटतं जीपीएस बिघडला. तो बिघडलेला नाही. पृथ्वीचा जो गुळगुळीत गणिती आकार जीपीएस वापरतो, त्यापेक्षा आपल्याकडची खरी समुद्रसपाटी साठ-पासष्ट मीटर खाली आहे. हिंदी महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर ती १०० मीटरहून खाली जाते. चांगलं ॲप किंवा हँडहेल्ड डिव्हाइस ही दुरुस्ती स्वतः करतं. तुमचं ॲप करत नसेल तर नकाशावरची उंची आणि स्क्रीनवरची उंची जुळणार नाही, आणि माझ्यासारखं सोंडेवर उतरताना तो आकडाच तुमचा शेवटचा आधार असू शकतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, इथे स्पीड १.५ वरून १ वर आणा. अमेरिकेतला चुलतभाऊ दिवाळीला येतोय, त्याला ‘तिकडून स्वस्तात आण’ सांगणार असाल तर मॉडेलचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. जीपीएसमॅप ६६आय, ६७आय किंवा इनरीच असं नाव असलेलं काहीही आणू नका. ही यंत्रं नुसती जागा दाखवत नाहीत, उपग्रहामार्फत मेसेज पाठवतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असं यंत्र जवळ बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी ट्रेल रनरला याच कारणाने अडवून पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. तिने ते बॅगेतून काढून सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये स्वतःच ठेवलं होतं, लपवलंही नव्हतं. रिनो मालिकेत वॉकीटॉकी असतो, तिथेही परवान्याचा प्रश्न येतो. फक्त सिग्नल ऐकणारा, काहीही न पाठवणारा ईट्रेक्स यात येत नाही.

आणि चुलतभावाने बरोबर मॉडेल आणलं तरी पहिल्यांदा चालू केल्यावर पुण्याच्या जागी जवळपास कोरी स्क्रीन दिसेल. घाबरू नका. तिकडे विकलेल्या डिव्हाइसमध्ये तिकडचा नकाशा असतो. आपला आपण टाकायचा. ओपनटोपोमॅपवर गार्मिनसाठी देशवार फाइली आहेत, भारताची मूळ फाइल वेगळी आणि समोच्च रेषांची वेगळी. दोन्ही हव्यात. बीबीबाइकवर फक्त तुमच्या भागाचा चौकोन आखूनही फाइल मिळते. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. त्यात ‘गार्मिन’ नावाचा फोल्डर, फाइल त्यात, कार्ड सेलच्या खाली, आणि मॅप सेटिंगमध्ये जाऊन नवा नकाशा सुरू आणि जुना बंद. भाषेचा पर्याय विचारला तर रोमन लिपी घ्या. मी हौसेने देवनागरी नावं टाकली होती, तर सगळ्या गडांची नावं प्रश्नचिन्हं झाली.

सेकंडहँड घेताना भेटून, उघड्यावर, गच्चीत किंवा मैदानात बघा. सेलचं झाकण उघडून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा गंज आहे का, सेल कधी गळलेत का ते तपासा. छोटी जॉयस्टिक चारही बाजूंना आणि आत दाबून बघा. यूएसबीवरचं रबरी झाकण घट्ट बसतं का? कडेची रबरी पट्टी सुटलीय का? मग उपग्रह पकडायला लावा आणि त्याच वेळी फोनवरची जागा शेजारी धरा. माझं पहिलं ठरलेलं डिव्हाइस मी इथेच नाकारलं. विकणारा म्हणत होता ‘घरात आहोत ना म्हणून पकडत नाही’. बाहेर रस्त्यावर आलो तरी वीस मिनिटांत एकही उपग्रह नाही.

मागच्या जुलैमध्ये २०एक्स घेऊन तीच धार परत केली, तिघांऐवजी दोघंच. धुकं तसंच, पाऊस तसाच. ती चुकलेली जागा मी लॉगवरून वेपॉइंट म्हणून टाकून ठेवली होती. तिथे पोचल्यावर थांबलो, कंपास काढला, स्क्रीनवर बघितलं. गुरांची वाट अजूनही मुख्य वाटेपेक्षा रुंद आहे. घरी आल्यावर ती ओपनस्ट्रीटमॅपवर काढली आणि खाली जिथे पाणी आहे तिथे ओढ्याची खूण जोडली. तुम्ही आता तो भाग डाउनलोड केलात तर तुम्हालाही दिसेल. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला, त्याने फक्त घोट्याचा एक इमोजी पाठवला. घोट्याचा इमोजी नसतो, त्याने पायाचा पाठवून त्यावर गोल काढला होता.

पुढच्या भागात जीपीएक्स फाइल साफ कशी करायची ते बघू. तोवर तुमच्याकडे कुठलं डिव्हाइस पडून आहे ते कळवा, त्यात कुठला नकाशा चालेल ते मिळून शोधू.